साडेचार लाखाची गाडी कोल्हापुरात येऊन कितीला पडतीय?

प्रश्न: दादा, मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला आहे, राहायला फुलेवाडीत. एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर २०१७ ची डिझेल एसयूव्ही बघून ठेवलीय, दिल्ली पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर ६२ हजार. हप्ते थकले म्हणून बँकेनं ओढून आणलेली आहे, यार्ड गुरुग्रामला. बोली सध्या ४ लाख ६० हजारावर आहे, मी ५ पर्यंत जायला तयार आहे कारण इकडं तेच मॉडेल पावणेसातच्या खाली कोण बोलत नाही. फोटो चाळीसेक टाकलेत, रिपोर्टमध्ये चार स्टार दिलेत. पाच दिवसांनी लिलाव बंद होणार आणि त्याआधी २० हजार अनामत भरायची आहे. पप्पा म्हणतात, म्हैस घेताना पण माणूस चार वेळा धार काढून बघतो आणि तू पाच लाखाची गाडी मोबाईलवर बघून घेणार? घरात रोज वाद चाललाय. घेऊ का नको?
एक वाचक, फुलेवाडी

भावा, आधी उत्तर देतो मग कारणं सांगतो. आहे त्या स्थितीत, आहे त्या भावाला, नको घेऊ. दिल्लीची गाडी वाईट असते म्हणून नाही, लिलाव म्हणजे फसवणूकच असंही नाही. पण तू जो ४ लाख ६० चा आकडा बघतोयस तो गाडीचा भाव नाहीच, तो फक्त बोलीचा आकडा आहे. गाडीचा खरा भाव म्हणजे ती फुलेवाडीत दारात उभी राहिली, तुझ्या नावावर झाली, एमएच ०९ ची पाटी लागली आणि इन्शुरन्स तुझ्या नावाचा झाला की त्या दिवशी खिशातनं एकूण किती गेले तो. आपल्याकडं ९० टक्के लोक हा हिशोब गाडी घरी आल्यावर करतात.

तर आपण आत्ताच करू. लिलाववाल्यांची फी असतीय, त्यावर जीएसटी असतोय, धर वीस हजार. गाडी आणायची म्हणजे सोळाशे-सतराशे किलोमीटर, कंटेनरवर टाक नाहीतर चालवत आण, डिझेल टोल मुक्काम जेवण धरून तीस हजाराला मरण नाही. ओढून आणलेली गाडी यार्डात महिनोन्महिने उभी असतीय, म्हणजे बॅटरी मेलेली, ऑइल कूलंट फिल्टर बेल्ट सगळं बदलायचं, ब्रेक खोलून साफ करायचे, पंचवीस हजार. टायर एकाच जागी उभं राहून खाली चपटे झालेले असतात, गाडी ऐंशीच्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरायला लागतंय, चार टायर घातलेस की तीस हजाराच्या आसपास. इन्शुरन्स पंधरा. झाले किती? एक लाख वीस हजार, आणि यात अजून महाराष्ट्राचा रोड टॅक्स नाही, आरटीओची फी नाही, एजंट नाही.

टॅक्सचं काय होतंय ते नीट समजून घे कारण बाहेरची गाडी आणणारे लोक इथंच बसतात डोकं धरून. दिल्लीत ज्यानं गाडी घेतली त्यानं टॅक्स दिल्लीला भरलाय, महाराष्ट्राला एक रुपया मिळालेला नाही, त्यामुळं इकडं नंबर घेताना तो परत भरायला लागतोय. आणि तो तू बोलीत दिलेल्या रकमेवर नसतोय, गाडीच्या मूळ किमतीवरनं आणि वयावरनं निघतोय, डिझेलला दर पेट्रोलपेक्षा जास्त. गाडी तुला चार लाखाला पडली म्हणून साहेब चार लाखावर टॅक्स लावणार नाही. त्यामुळं ते मॉडेल, ते व्हेरिएंट, नवीन असताना किती किमतीची होती आणि पासिंगची तारीख काय, एवढं घेऊन आपल्या आरटीओत जा किंवा बाहेर बसणाऱ्या एखाद्या ओळखीच्या एजंटला विचार आणि आकडा कागदावर लिहून घे. बोली लावायच्या आधी, नंतर नाही. दिल्लीतनं उरलेल्या टॅक्सचा रिफंड मिळतोय असं कोणतरी सांगेल, नियम आहे तसा, पण त्यासाठी दिल्लीच्या ऑफिसात अर्ज कागदं पाठपुरावा सगळं आलं आणि तू बसलायस इथं, म्हणून तो पैसा हिशोबात धरायचाच नाही, आला तर आला.

आता उलटं मोज. इकडं पावणेसातला मिळतीय. त्यातनं वरचे एक वीस काढ. सत्तर हजार धोक्याचे काढ, म्हणजे क्लच निघाला, टर्बो निघाला, एसीचा कॉम्प्रेसर गेला, काहीतरी निघणारच, न बघता घेतलेल्या जुन्या डिझेल गाडीत काही निघालं नाही असं होत नाही. राहिले ४ लाख ८५. त्यातनं टॅक्स आणि आरटीओचा खर्च अजून काढायचाय. म्हणजे आज ज्या आकड्यावर बोली उभी आहे तिथंच तुझा फायदा संपलेला आहे, आणि तू ५ पर्यंत जायच्या गोष्टी करतोयस. शिवाय उद्या विकायला काढलीस तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, दिल्लीचा इतिहास दिसतोच, गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारणार आणि भाव पाडून मागणार.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का मिळतात हे तरी तुला माहीत असायला पाहिजे. तिथं डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा हरित लवादानं २०१४-१५ मध्ये घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढं अंमलबजावणीत सारखं मागंपुढं होत राहिलंय, २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर डिझेल-पेट्रोल द्यायचंच नाही असा निर्णय सुरू झाला आणि दोन-तीन दिवसात थांबवला. पण लोकांच्या मनात बसलेली भीती काय कोर्टाच्या तारखेनं उठत-बसत नाही, त्यामुळं आठ-नऊ वर्षांची चांगली डिझेल गाडी पण तिकडं पडत्या भावानं जातीय. म्हणजे स्वस्त आहे म्हणजे खराबच आहे असं नाही, एवढं पप्पांना सांग. २०१७ ची म्हणजे बीएस फोर (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) असणार, दिल्लीत ते २०१० पासनंच लागू होतं, तिकडनं काय अडचण नाही. आणि खरं बोलायचं तर समुद्रकाठच्या गाडीपेक्षा दिल्लीची गाडी पत्र्याला बरी असतीय, खालनं गंजलेली कमी सापडतीय.

पण मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते "बँकेनं ओढून आणलेली" हे. इथं थांब जरा. गाडी अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, आरसीवर बँकेचा बोजा आहे, आणि तो मालक बँकेवर चिडून बसलेला आहे. साध्या व्यवहारात विकणारा गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करतोय, बँक फॉर्म ३५ देतीय बोजा उतरवायला, आणि दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. आता ज्याची गाडी ओढून नेली तो माणूस तुला हसत हसत सही देईल काय? कधी कधी गाडी सरेंडर करताना बँकेनं सह्या घेऊन ठेवलेल्या असतात, तेव्हा निभतंय. नसतील तर बँकेला आधी फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावानं नवीन आरसी काढून घ्यायला लागतीय, आरटीओ मूळ मालकाला नोटीस काढणार, मग आरसी, मग तिथनं तुझ्या नावावर. यात किती महिने जातील ते तुझ्या हातात नाही, आणि तोवर गाडी तुझी पण नाही आणि पैसे पण तुझ्याकडं नाहीत.

त्यात एक गोंधळ लोकं कायम करतात, एजंट पण करतात. लिलावात घेतलेल्या गाडीसाठी वेगळा फॉर्म ३२ असतोय, त्यात मूळ मालकाच्या सहीची भानगड नसते असं कोणतरी ठोकून देतंय. तो फॉर्म आहे, खरं आहे, पण तो सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं केलेल्या जाहीर लिलावासाठी, म्हणजे पोलिसांनी जप्त केलेल्या, एखाद्या सरकारी खात्याच्या मोडीत काढलेल्या गाड्या वगैरे. बँकेनं एखाद्या साइटवर लावलेला लिलाव त्यात बसत नाही. तिथं ही सहीची साखळी पूर्ण असायलाच पाहिजे.

म्हणून अनामत भरायच्या आधी लिलावाच्या अटींचं ते पान उघड जे कोण वाचत नाही, मोबाईलवर बारीक अक्षरात असतंय ते. त्यात दोन-तीन ओळी शोध. आरसी उपलब्ध आहे का? एनओसी कोण काढून देणार, बँक का खरेदीदार? चलनं आणि जुना टॅक्स कोणाच्या गळ्यात? बहुतेक ठिकाणी "जशी आहे तशी, जिथं आहे तिथं" असं लिहिलेलं असतंय आणि सगळं खरेदीदारानं बघून घ्यावं असं असतंय. चार स्टारचा रिपोर्ट आहे ना, त्याच्या खाली पण लिहिलेलं असणार की हा रिपोर्ट फक्त माहितीसाठी आहे. मग त्यांना मेल टाक, फोन नाही मेलच, की एनओसी कोल्हापूर आरटीओच्या नावानं किती दिवसात देणार ते लेखी कळवा. एनओसी ज्या आरटीओच्या नावानं निघते तिथंच चालते, पुण्याच्या नावानं निघाली तर परत दिल्ली. लेखी उत्तर नाही आलं तर विषय संपला, २० हजार पण भरायचे नाहीत.

नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर बघ, फुकट आहे. बोजा कोणाचा, इन्शुरन्स कधीपर्यंत, गाडी खासगी पासिंग का टॅक्सी पासिंग, मालक खरंच पहिला आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का. ई-चलन वेगळं बघ, दिल्लीत कॅमेऱ्याची चलनं पडून राहिलेली असतात आणि ती भरल्याशिवाय पुढचं काम अडतंय. चोरीची नाही ना हे केंद्राच्या गुन्हे नोंद ब्युरोच्या साइटवर बघता येतंय. साइटवर लिहिलेला चेसी नंबर १७ अक्षरांचा पूर्ण मागून घे आणि ॲपवर जेवढा दिसतोय तेवढ्याशी जुळव.

हे सगळं पास झालं तर मग गाडी बघायची, आणि इथं पप्पांचं शंभर टक्के बरोबर आहे. तुला जमत नसेल तर दिल्लीत पैसे घेऊन गाडी तपासून देणारे लोक आहेत, दोन-तीन हजारात करतात, पण तो माणूस लिलाववाल्यांनी सुचवलेला नको, तू शोधलेला पाहिजे. यार्डवाले बघायला देतच नाहीत असं असेल तर त्याचा अर्थ तुला सांगायची गरज नाही.

बघायचं काय, तर रंग-बिंग सोड, पोरं पॉलिश मारून चकाचक करतात. पुराची गाडी आहे का हे पहिलं बघायचं. आपल्या लोकांना हे शिकवायला नको, २०१९ ला आणि २०२१ ला नागाळा पार्क, शाहूपुरी कुंभार गल्लीत गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. त्या गेल्या कुठं नंतर? इन्शुरन्स कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडं गेलेल्या धरल्या, लिलावात गेल्या, कोणीतरी धुवून पुसून दुसऱ्या गावात विकल्या. तसंच दिल्लीत २०२३ च्या जुलैत यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती, आजवरची सगळ्यात जास्त, तिथल्या पण गाड्या कुठंतरी गेल्याच असणार. तर ड्रायव्हरचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढायला सांग, अगदी शेवटचा टप्पा येईपर्यंत. धुणारा माणूस सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण गुंडाळीतला आतला पट्टा कोण धूत नाही, तिथं मातकट पाण्याची रेघ सरळ दिसतीय, वास पण येतोय. मग सीट पुढं सरकवून खालच्या रेलवर गंज बघायचा, स्टेपनीच्या खड्ड्यात चिखलाची पूड बघायची, डॅशबोर्डखाली वायरिंगच्या सॉकेटवर हिरवट बुरशीसारखं धरलंय का बघायचं. यातलं एक जरी निघालं तर फुकट दिली तरी नको, कारण अशा गाडीचं इलेक्ट्रिकल कधीच संपत नाही.

इंजिन थंड असतानाच चालू करायचं, आधी बोनेटवर हात ठेवून बघायचं की त्यांनी आधीच गरम करून ठेवलीय का. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडायचं, तिथनं भकाभका धूर आणि दाब येत असेल तर इंजिन थकलंय, ६२ हजारात असं व्हायला नको. आणि ते ६२ हजार पण डोळे झाकून मानू नको, मीटर मागं फिरवायला आता लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतोय. ब्रेकच्या पेडलचा रबर, स्टेअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, हे तिन्ही झिजलेलं असेल आणि मीटर ६२ म्हणत असेल तर मीटर खोटं. टायरवर चार आकडी नंबर असतोय, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा, पाचही टायर बघ. काचांवरचे नंबर सारखे आहेत का बघ, एकच काच वेगळी असेल तर गाडी ठोकलेली असण्याची शक्यता, मग त्या बाजूचा पिलर आणि दाराचे रबर उचलून वेल्डिंग बघायचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर टाकून जुनी हिस्ट्री निघती का तेही विचारायचं, कोण देतंय कोण देत नाही, पण मिळाली तर मीटरचा निकाल तिथंच लागतोय.

हे सगळं फोटोत दिसत नाही. चाळीस काय चारशे फोटो टाकू देत.

समजा सगळं ठीक निघालं. मग बोली. टॅक्स धरून तुझी मर्यादा माझ्या अंदाजानं चार लाख वीसच्या वर जात नाही, तू आरटीओतनं खरा आकडा आणल्यावर शंभर-दोनशे रुपयांपर्यंत पक्की कर आणि कागदावर लिहून पप्पांकडं दे. कारण शेवटच्या दहा मिनिटात काय होतंय मी सांगतो, कोणीतरी पाच हजार वाढवतंय, वेळ आपोआप तीन-चार मिनिटं पुढं ढकलली जातीय, तू परत वाढवतोस, समोर कोण आहे ते दिसत नाही, खरा गिऱ्हाईक आहे का भाव चढवायला बसवलेला आहे तेही कळत नाही, आणि कोल्हापूरच्या माणसाला हरायचं नसतंय, आपला तो प्रॉब्लेमच आहे. जिंकल्यावर दोन-चार दिवसात सगळे पैसे भरायचे असतात, नाही भरले तर अनामत गेली, आणि उशीर झाला तर यार्डाचं रोजचं भाडं चढतंय. त्यामुळं लोन पास झालंय का तेही आधीच बघ, जुन्या आणि बाहेरच्या राज्याच्या गाडीला लोन द्यायला बँका का-कू करतात.

अनामत भरताना पण खातं कोणाच्या नावावर आहे ते बघूनच भर. वैयक्तिक नावाच्या खात्यावर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआरवर एक रुपया टाकायचा नाही. तुझ्या केसमध्ये नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, "मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी अर्ध्या किमतीत देतोय, आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी ट्रान्सपोर्टचे पैसे टाका" असं सांगून कार्डाचा फोटो पाठवणारे अजून जोरात आहेत. बिचाऱ्या खऱ्या फौजींचं नाव खराब, आणि आपल्याकडं गडहिंग्लज कागल पट्ट्यात घरटी फौजी असल्यामुळं लोकांचा विश्वास पटकन बसतोय. पैसे गेलेच तर लगेच, त्याच तासाला, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावायचा.

घेतलीसच तर इन्शुरन्स चौदा दिवसाच्या आत तुझ्या नावावर करायचा अर्ज टाक. थर्ड पार्टी आपोआप तुझ्याकडं येतोय पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव जुळलं नाही की अडकतोय. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातोय. नंबर बदलायला कायद्यानं बारा महिन्यांची मुदत आहे म्हणून लोक निवांत फिरतात, तू फिरू नको, एनओसी हातात आहे तोवर काम उरकून घे.

आणि एक, कोल्हापूर सोडून थेट दिल्लीच कशाला? पुणे, सांगली, सातारा, तिथनं घेतलीस तर परत टॅक्स नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी बघून येता येतंय, मेस्त्री पण सोबत नेता येतोय. उद्यमनगरात तुझा जो कोण मेस्त्री आहे त्याला दिवसाची हजेरी आणि जेवण दे, तो दहा मिनिटात जे सांगेल ते कुठल्या स्टारमध्ये येत नाही. सहा-सव्वासहाला चांगली सापडली तर वरच्या हिशोबानं ती दिल्लीच्या गाडीपेक्षा स्वस्त आहे.

तरी पण मन त्याच गाडीत अडकलं असेल तर बघायला जा, पण दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला जाणारी कोल्हापूरची रेल्वे आठवड्यातनं एकदाच आहे, ती तुझ्या पाच दिवसात बसते का बघ, नाहीतर मिरजेतनं गोवा एक्सप्रेस रोज आहे. टॉर्च ने, आणि यार्डात जायच्या आधी त्या एनओसीच्या मेलला उत्तर आलंय का ते बघ, नसेल आलं तर तिकीट काढूच नको.